संगणकाच्या वऱ्हाडाला वाटे लावणारी अक्का

जालन्याच्या दवाखान्यात अक्कांना शेवटचं भेटले, तेव्हा त्यांच्या मांडीवर लॅपटॉप होता. एका हाताला सलाईन, म्हणून दुसऱ्याच हाताचं बोट त्या फिरवत होत्या. त्यांचा मुलगा संदीप पुण्याहून आल्ता, आईला नातीचे फोटो दाखवायला नवा कोरा लॅपटॉप घेऊन. पण फोटो उघडायच्या आधीच पडद्यावर एकामागून एक पाट्या यायच्या. महिनाभर फुकट वापरा, नंतर विकत घ्या. हा खेळ खेळा, इथं नाव नोंदवा. संदीप वैतागला होता. अक्का मात्र खुशीत. मला दारात बघून म्हणाल्या, “ये सुमन, बराबर टायमाला आलीस. नवरी एवढीशी अन् वऱ्हाड बघ केवढं.”

मी डबा काढत म्हटलं, “अक्का, आधी दोन घास खा.”

“वऱ्हाड वाटे लागल्याबिगर यजमानीण जेवत असती का?” म्हणाल्या आणि पुन्हा बोट फिरवायला लागल्या. थोड्या वेळानं दमल्या. लॅपटॉप मिटून माझ्याकडं सरकवला. “बाकीचं तू कर. कुणाला ठेवायचं ते तुला माहीत हाये.” आठवडा उलटायच्या आत संदीपचा फोन आला... मी दुकानातच होते. समोर कुणाचा तरी सातबाऱ्याचा अर्ज अर्धा टाईप झालेला होता. तो मी पूर्ण केला, छापून दिला, आणि मग खाली बसले.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. वाटूर फाट्यावर झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या, म्हणून परतूर-मंठ्याकडच्या पुष्कळ वाचकांना त्या ठाऊक असतील. मी किनवटच्या पलीकडची. आठवी झाली आणि शाळा सुटली. लग्न होऊन वाटूरला आले तेव्हा वाटलं, दुसऱ्या मुलखात आलो. आमच्याकडं नवरीसोबत सासरी पाठराखीण पाठवतात, मावशी नाहीतर मोठी बहीण. नवरी चार दिवस रुळेपर्यंत ती सोबत राहते, कुठं पाणी, कुठं चूल, कुणाशी कसं बोलायचं हे कानात सांगते, आणि मग परत जाते. माझ्यासोबत येणारी मावशी ऐन वेळी तापानं पडली. दुसरं कुणी येण्यासारखं नव्हतं. मी एकटीच उतरले. मला भीती लवकर वाटते, आजही वाटते. अक्कांनी ते ओळखलं असावं. माझी ट्रंक उचलून त्यांनी स्वतःच्या खोलीत नेली आणि म्हणाल्या, “तुझी पाठराखीण मीच. फक्त मी परत जायची न्हाई, एवढं ध्यानात ठेव.”

अक्का औरंगाबादच्या, नोकरदार घरातल्या. टायपिंग माहेरीच शिकलेल्या, आणि लग्नानंतर जालन्याला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. दोन हजार सालानंतर एक-दोन वर्षांत त्यांनी सासऱ्यांच्या मागं लागून दुकानासाठी कॉम्प्युटर आणला. सासऱ्यांना आम्ही सगळे बापू म्हणायचो. अक्का म्हणाल्या, दुकानात मला सुमन लागंल. बापूंनी माझ्याकडं बघितलं. मी पदराचं टोक पिळून राह्यले होते. “हिला विंग्रजी येतं का?” “शिकंल की.” “बरं,” बापू म्हणाले, “पहिली लग्नपत्रिका छापून दाखवा. जमलं तर बसू द्या तिला दुकानात. न्हाई जमलं तर चुलीपाशी काय कमी काम हाय?” माझं सगळं त्या एका वाक्याला लटकलं. चुलीची मला लाज नव्हती. पण दुकानाच्या खोलीत अक्का होत्या, आणि माझी सुटलेली शाळा तिथं पुन्हा भरेल असं मला उगाचच वाटायला लागलं होतं.

कॉम्प्युटर आला त्या दिवसाचा आनंद मला आजही सांगता येत नाही. खोक्याला आम्ही हळद-कुंकू लावलं. पण सुरू केला तर तो लवकर उठेचना. उठला की घोरायचा. मी घाबरले, खराब माल दिला म्हटलं. अक्कांनी आत शिरून बघितलं आणि खुर्चीत मागं रेलून हसत सुटल्या. “अगं, खराब न्हाई. ह्याच्यासंगं वऱ्हाड आलंय. आपण बोलावलं नव्हतं, तरी आलंय, अन् सगळं एकदम पंगतीला बसलंय.” मग त्यांनी एकेकाची ओळख करून दिली. पत्त्यांचे खेळ, ते दुकानात काय कामाचे? इंटरनेटची जोडणी विकणारा, आमच्याकडं तर त्यासाठी लाईनच नव्हती. आणि त्याच्याही खाली, डोळ्याला न दिसता आतल्या आत राबणारे वेगळेच. फॅक्सवाला होता. शेजारच्या मशिनींना हाका मारणारा एक होता. दुरून कुणी परका आला तर त्याला आपल्या घरातलं सामान हलवू देणारा एक होता. त्याचं काम वाचून अक्का म्हणाल्या, “ह्या जावयाला तर आधी वाटे लाव.” मी माउस धरला होता, त्या सांगतील तिथं दाबत होते. दर पाहुण्यागणिक मशीन हलकं होत होतं, आणि माझ्याही अंगावरचं काही तरी उतरत होतं. आम्ही दोघी अक्षरशः गाणं म्हणायच्या बेतात होतो.

त्या आतल्या मंडळींत एक होती, छपाईची. अक्कांनी वाचून सांगितलं, “ही स्वतः काही छापत न्हाई. छपाईच्या पाठीशी उभी राहते. कागद एकामागून एक रांगेत धरते, प्रिंटरला सांगते आता हा घे, आता तो घे.”

“म्हंजे पाठराखीण,” मी म्हटलं.

“बराबर. पण आपला प्रिंटर कुठं आलाय अजून? नवरी यायच्या आधी पाठराखीण कशाला जागी? झोपू दे.”

“राहू द्या की तिला,” मी म्हणाले. माझं मला कळलं नाही का म्हणाले. अक्कांनी तिला बंद केलं, आणि आम्ही पुढच्या पाहुण्याकडं वळलो.

प्रिंटरला उशीर लागला. तो आला त्याच सकाळी तीर्थपुरीचे रंगनाथराव दारात उभे राहिले, बापूंचे जुने दोस्त. लेकीचं लग्न ठरलं होतं. पहिली पत्रिका कुलदैवताच्या पायाशी ठेवायची, मगच बाकीच्या वाटायच्या, आणि देवाला निघालेली जीप बाहेर उभी. मजकूर आम्ही आदल्या दिवशीच बसवून ठेवला होता, वर गणपती, खाली मामाकडची नावं. अक्कांनी प्रिंटर जोडला, सोबतची सीडी घातली. मशीन म्हणालं, प्रिंटर नाही. वायर काढून लावली. प्रिंटर नाही. तो समोर टेबलावर बसलेला, हिरवा दिवा लागलेला, आणि मशीन म्हणतंय नाही. जीपवाल्यानं एकदा हॉर्न दिला. बापू खाटेवरून म्हणाले, “थोरल्या सूनबाई, कसं काय?” मला वाटलं, झालं, चूल.

अक्का घाबरल्या नाहीत. माझ्याकडं खुर्ची फिरवून लग्नघरात विचारावं तसं विचारलं, “सुमन, आपण त्या दिवशी कुणाकुणाला वाटे लावलं? एकेक सांग.” इंग्रजी नावं मला कुठली सांगता येणार? पण पाहुणे पाठ होते. खेळवाले. लाईनवाला. फॅक्सवाला. हाका मारणारा. परका जावई... आणि मग माझाच आवाज बारीक झाला. “पाठराखीण.”

अक्कांनी कपाळावर हात मारला. बापूंकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, “बापू, चूक माझी हाये. सुमन नको म्हणत होती, मीच तिला झोपवलं.” रंगनाथरावांना काहीच कळेना. “कुणाला झोपवलं?” “नवरीच्या पाठराखिणीला, मामा. जरा थांबा, उठवते जल्दी.” रंगनाथराव म्हणाले, “आमच्या लेकीची पाठराखीण तर जीपमध्ये बसलीय, लाडू खाऊन राह्यली.” बापूसुद्धा हसले. अक्कांनी मला म्हटलं, “उठव. तूच उठव.” मी दाबलं. सीडी परत फिरवली. आणि प्रिंटर खडखडला... त्या आवाजासारखं दुसरं काही मी ऐकलेलं नाही. कागदावर आधी गणपतीचा मुकुट आला, मग सोंड, ओळीओळीनं. आम्ही सगळे वाकून बघत होतो, जीपवालासुद्धा आत आला होता. रंगनाथरावांनी पत्रिका उपरण्यात धरली, ओली असेल म्हणून फुंकर घातली आणि निघाले. बापू उठून आत जाताना एवढंच बोलले, “चुलीचं आम्ही बघून घेऊ.”

त्या दिवसापासून अक्कांनी एक रीत घातली. नको असलेलं काढायचं, पण एकदम घराबाहेर नाही. आधी नुसतं थांबवायचं, आठवडाभर रोजची सगळी कामं करून बघायची, कुणाचं काही अडलं नाही तरच काढायचं. आणि थांबवायच्या आधी त्याच्यावर कोण कोण अवलंबून आहे, ते बघायचं. मशीन ते दाखवतं. “माणसांचं असं कुठं लिहिलेलं नसतं, इथं लिहिलंय, तर वाचायला काय होतं?” असं म्हणायच्या. ते वाचता यावं म्हणून त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. माझी बाराखडी म्हणजे त्या पाहुण्यांची नावं. नंतर वडीगोद्रीपासून लोक मशिनी टेम्पोत घालून आणायचे, नवा आहे पण चालत नाही म्हणून. अक्का झाकणावर थाप मारून विचारायच्या, “वऱ्हाड किती हाये?” आणि मला खुर्ची द्यायच्या. मंठ्याचे एक मास्तर एकदा मलाच मॅडम म्हणाले. अक्का दिवसभर मला त्याच नावानं हाक मारून छळत होत्या.

परवा संदीप तो लॅपटॉप दुकानात ठेवून गेला. “काकू, आईनं हा तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं.” दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा उघडला. अक्कांनी दवाखान्यात बरंच आवरलं होतं, त्यांच्या रीतीनं, काही काढलेलं, काही नुसतं थांबवलेलं. मी एकेकाच्या खाली कोण आहे ते बघत पुढं गेले. काम जुनं, ओळखीचं. मला चक्क उत्साह वाटत होता, आणि त्याची लाजही वाटत नव्हती. मशीन हलकं होत गेलं. शेवटी छपाईवाल्या ओळीवर आले. लॅपटॉपला प्रिंटर जोडलेला नाही, जोडायचाही नाही. दवाखान्यात तर नव्हताच. अक्कांनी आजूबाजूचे सगळे थांबवले होते. तिच्यासमोर मात्र लिहिलेलं होतं, चालू.

मी ती ओळ तशीच ठेवली. आता लॅपटॉप सुरू झाला की सगळ्यात आधी तीच उठते.