अकरा नापास आणि एक भिवापूरची

जुन्या व्हॅनची मागची सीट काढली की खाली काय काय सापडतं! केसांच्या पिना, चॉकलेटचे कागद, लहान पोराची एक चप्पल, कुठल्याशा लग्नातल्या अक्षता. कोणी मुद्दाम ठेवलेलं नसतं, वर्षानुवर्षं आपोआप साचत जातं. आमच्या कंपूचे किस्सेही असेच साचले. आम्ही निघालो होतो फक्त एक सेकंडहँड व्हॅन घ्यायला. त्याला दहा महिने लागले.

कंपू म्हणजे चौघं. नागपूरच्या नंदनवन भागात ज्यांचं गॅरेज आहे ते अशोकभाऊ मिस्त्री. गणिताचे निवृत्त शिक्षक देशमुख सर, ज्यांची स्वतःची गाडी बहुतेक वेळा अशोकभाऊंकडेच उभी असते. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले किशोरशेठ, ज्यांनी आजवर चार जुन्या व्हॅन घेतल्या आणि चारही वेळा पस्तावले. आणि चौथा मी, राजू, एका कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क. गाडी मला हवी होती.

हवी होती ती आईसाठी. बाथरूममध्ये पडून तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. ऑटोत चढता येत नाही, कारमध्ये वाकता येत नाही. तिची थोरली बहीण भिवापूरला मुलाकडे, विनोददादाकडे असते, ऐंशीच्या पुढची, बरीचशी अंथरुणालाच खिळलेली. मावशीला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनचाही उपयोग नाही. आई इकडून जीव खाऊन ओरडायची, "बाई, जेवली का वं?" आणि तिकडून दर वेळी एकच उत्तर, "कोन बोलून राहिलं?" फोन ठेवल्यावर आई बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत राहायची. मला ते बघवायचं नाही. म्हणून ठरवलं, सरकत्या दाराची व्हॅन घ्यायची, मधली सीट काढून टाकायची, फळी लावून खुर्ची सरळ आत ढकलायची आणि दोघी बहिणींना एकदा समोरासमोर बसवायचं.

* * *

अशोकभाऊंचा एक नियम आहे. विकायला आणलेल्या गाडीच्या बॉनेटवर ते आधी तळहात ठेवतात. बॉनेट गरम लागलं की सरळ पाठ फिरवतात.

"थंड्या इंजिनाची पहिली स्टार्ट पाहाची, राजूभाऊ. घरून तापवून आणलेली गाडी गोडच बोलते."

नियम उत्तम, पण आम्ही गाड्या बघायला सुरुवात केली मे महिन्यात! नागपूरच्या मेमध्ये उभ्या गाडीचं बॉनेटही दहा वाजता हात लावू देत नाही. मग वेळ ठरली सकाळी सहाची. पहिला विक्रेता सहाच्या आधीच हजर. अशोकभाऊंनी हात ठेवला, बॉनेट गारेगार. गाडी एका झटक्यात सुरू झाली. अशोकभाऊ खूश, मी त्यांच्याहून खूश.

देशमुख सर मात्र खाली बघत होते. बंपरवरून पाणी ठिबकत होतं. अशोकभाऊंनी आपला तळहात उलटा करून पाहिला, तर त्याला तागाचे धागे चिकटलेले. पठ्ठ्यानं गाडी तापवून आणून, कोपऱ्यावर उभं राहून तिच्यावर ओलं पोतं टाकलं होतं!

"हे काय आहे गा?" अशोकभाऊंनी विचारलं.

तो अजिबात ओशाळला नाही. "आता घरी आपण कूलर लावतोच ना भाऊ? मंग गाडीले काहून नाही लावाचा?"

पहिली व्हॅन नापास.

* * *

देशमुख सरांचा विश्वास पॅडलवर. मीटर मागे फिरवता येतं, पॅडलचं रबर परत उगवत नाही, असं त्यांचं म्हणणं. जुलैत एक पांढरी व्हॅन आली. मीटरवर एकतीस हजार किलोमीटर. सर गुडघे टेकून ड्रायव्हरच्या पायाशी वाकले आणि टॉर्च मारली. क्लचच्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत, कडेनं खालचं लोखंड दिसायला लागलेलं.

"एकतीस हजारात एवढं?"

"माझा पाय जड आहे ना, सर!" मालक म्हणाला.

सर उठून उभे राहिले. त्यांनी त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काडीसारखा माणूस, शर्टही हँगरला लावल्यासारखा.

"वजन किती तुमचं?"

"अठ्ठेचाळीस किलो."

सरांनी खिशातून डायरी काढली आणि त्या आकड्याची शांतपणे नोंद केली. त्यांनी ती का केली हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

* * *

किशोरशेठ म्हणजे एसीनं पोळलेले. त्यांची दुसरी व्हॅन त्यांनी जानेवारीत घेतली होती, स्वेटर घालून. मालकानं एसी लावला, शेठ दोन मिनिटांत कुडकुडले आणि सौदा झाला. एप्रिलमध्ये कुटुंब घेऊन निघाले तेव्हा कळलं की एसीत गॅसच नाही, जानेवारीत जी आली ती बाहेरचीच हवा होती. शेठनी संतापून जुन्या मालकाला फोन लावला.

तो म्हणाला, "शेठ, मी तं चालूच ठेवत होतो. तुमीच बोलले, बंद करा, थंडी वाजून राहिली!"

तेव्हापासून शेठ कुठलीही गाडी बघायला जाताना घरचं तापाचं थर्मामीटर घेऊन जातात आणि एसीच्या जाळीत धरतात. त्याच्यावर फक्त 'लो' असं येतं. "लो म्हणजे चांगलंच ना?" शेठ प्रत्येक वेळी सरांना विचारतात, आणि सर प्रत्येक वेळी मान हलवतात.

* * *

दिवाळी झाली. दहा गाड्या नापास झाल्या होत्या. एकीचा गिअर अडकायचा, एक ऑइल प्यायची, एकीच्या मागच्या सीटखालचा पत्रा गंजून रस्ता दिसत होता. गॅरेजमध्ये आम्ही हसत होतो, चहा पीत होतो, गाड्यांतल्या नव्या नव्या उणिवा काढत होतो. मला त्यात मजाही यायला लागली होती, हे कबूल करतो.

घरी येऊन मी आईला दहावीची हकिगत रंगवून सांगितली. तिनं सगळी ऐकली.

"राजू, तू गाडी पाहून राहिला का सून पाहून राहिला?"

मी हसलो. ती हसली नाही.

"बाईले काल दवाखान्यात नेलं होतं. विनोदचा फोन आल्ता. आता घरी आणलं म्हणे." मग म्हणाली, "तुही गाडी पास होईन गा कवातरी. पण बाई थांबन का तवापर्यंत?"

मला स्वतःची फार लाज वाटली. भिवापूरला जाताना उमरेड रोडवर भर उन्हात गाडी बंद पडली तर व्हीलचेअरवरच्या आईला घेऊन काय करायचं, या भीतीनं मी इतका चोखंदळ झालो होतो. भीती खोटी नव्हती. पण तिच्या नावाखाली मी आईचेच दिवस खर्च करत होतो.

तरी घाईघाईत बघितलेली अकरावीही नापासच निघाली. तिचं तर स्टिअरिंग डावीकडे ओढायचं.

* * *

बारावी आली फेब्रुवारीत, आणि आली तीही भिवापूरहून! मालक मिरचीचा व्यापारी. त्या दिवशी आईनं हट्टच धरला की मलेही ने, म्हणून मी तिची खुर्ची ढकलत गॅरेजवर आणली होती.

बॉनेट थंड. स्टार्ट एका चावीत. पॅडलचं रबर मीटरला शोभेल असं. सरांनी डायरी मिटली. राहिला एसी. किशोरशेठ थर्मामीटर घेऊन आत बसले, आम्ही तिघं मागे. शेठनी ब्लोअर पूर्ण सोडला.

पुढच्या क्षणाला आम्ही चौघं रस्त्यावर होतो! खोकला थांबेना, डोळ्यांतून धारा, शेठच्या हातातलं थर्मामीटर गटारात. गाडीनं चार वर्षं वाळलेली मिरची वाहिली होती आणि तिची पूड जाळ्याजाळ्यांत बसली होती.

"हेच तर हिचं खास आहे," मालक शांतपणे म्हणाला. "या गाडीत डायवरले कधीच झोप लागत नाही!"

अशोकभाऊंनी डोळे पुसले आणि सरकत्या दाराखालच्या रुळात बोट फिरवलं. बोटाला मिरचीचं बी आणि देठांचा चुरा लागला. "हे दार आज ना उद्या अडकते पाहा. नापास."

मालक दार लावायला लागला, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब गा. मले जवळ ने."

मी खुर्ची उघड्या दाराशी नेली. तिनं आत मान घालून मोठा श्वास घेतला. खोकली, पुन्हा घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सगळं मिरचीचं नव्हतं.

"बाईच्या अंगणाचा वास आहे," ती म्हणाली. "घे."

सरांनी डायरी पुन्हा उघडली नाही. अशोकभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन दिवस ठेवा माह्यापाशी. करून देतो साफ."

तीन दिवसांनी किल्ली देताना त्यांनी बजावलं, "रूळ धुतला, पण बी कुठून कुठून निघन, सांगता येत नाही. दार अडकलं तर जोर लावू नका. मले फोन करा."

* * *

मार्चच्या पहिल्या रविवारी भिवापूरला पोचलो. वाटेत गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही. अडचण दुसरीच निघाली. मावशीच्या घराला पाच उंच पायऱ्या, खुर्ची वर चढेना. तेव्हा विनोददादा आत गेला आणि मावशीलाच उचलून घेऊन आला. इतकी हलकी झाली होती ती, की त्यानं पायऱ्या उतरताना खालीही पाहिलं नाही. आईच्या खुर्चीला लागून मागच्या सीटवर तिला बसवलं.

"पंधरा मिनिटं फक्त," दादा मला म्हणाला. "डॉक्टरनं बसवाचं नाही म्हटलं जास्त. मंग लगेच आत नेतो."

ऊन होतं म्हणून एसी लावून मी दार सरकवलं आणि बाहेर कडुनिंबाखाली उभा राहिलो. काचेतून दोघी दिसत होत्या. मावशी आईच्या हातातल्या बांगड्या एकेक करून चाचपत होती. मग आईनं तिच्या कानाला तोंड लावलं आणि बोलायला लागली. दोघी दोन वर्षांनी भेटत होत्या, बोलायचं सगळं साचलं होतं.

पंधरा मिनिटांनी दादानं दार ओढलं. हलेना. मी ओढलं, तरी हलेना. दादा घाबरला. पलीकडचं दार भिंतीला टेकलेलं, आणि पुढच्या-मागच्या दारांतून काही मावशीला काढता येणार नव्हतं. तो ग्रीस बघायला घरात धावला आणि मी अशोकभाऊंना फोन लावला.

"रुळाच्या मागच्या टोकाले पाहा, देठ फसला असन. पान्यानं नाही, पिनेनं काढा!"

साफसफाईत मागच्या सीटखाली सापडलेल्या केसांच्या पिनांपैकी एक माझ्या किल्लीच्या कडीत होती. मी मातीत गुडघे टेकले आणि रुळात पीन फिरवली. दोन मिनिटांत मिरचीचा एक वाळका देठ बाहेर आला. दार अलगद चार बोटं सरकलं.

आतून गार हवा आली आणि मावशीचं हसू ऐकू आलं. फटीतून आईनं माझ्याकडे पाहिलं.

"लाव ते दार."

"अवं आई, निघालं ना…"

"लाव म्हणते ना! विनोदले सांग, मिस्त्री नागपूरवरून निघाला."

मी दार लावलं. दादा ग्रीसचा डबा घेऊन पायऱ्या उतरत येत होता.

"उघडलं का बे, राजू?"

"नाही ना, दादा," मी म्हटलं आणि देठ खिशात टाकला. "मिस्त्री निघाला म्हणते नागपूरवरून."