कंडक्टर जेवला का?

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःविषयी एक वाक्यही उच्चारलं नव्हतं, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांना भूक लागायची नाही, थंडी वाजायची नाही, कंटाळा यायचा नाही आणि कुणाची आठवण तर मुळीच यायची नाही. हे सगळं त्यांच्या कुत्र्याला व्हायचं. लग्न होऊन मी अकोल्याहून बारामतीला आले ती नव्वद सालच्या आगेमागे. पहिल्याच आठवड्यात हे गृहस्थ सकाळी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, कंडक्टरला च्या पायजे." मी त्यांच्यामागे कुणी एसटीचा कंडक्टर आलाय की काय म्हणून डोकावून बघितलं, तर पायाशी एक तांबूस, एक कान पडलेला गावठी कुत्रा बसला होता. मी बशीत चहा ओतून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मामांनी शांतपणे बशी उचलली, चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "साकर जरा कमी टाकत जा. त्याला सोसत न्हाय."

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे सख्खे धाकटे भाऊ. जन्मभर एसटीत ड्रायव्हर होते आणि निवृत्त झाल्यावरही ते ड्रायव्हरच राहिले होते. गल्लीत वळताना ते चालता चालता उजवा हात बाहेर काढून दाखवत. रस्त्याच्या मधून कधी चालले नाहीत. समोरून बैलगाडी आली तर थांबून तिला वाट देत आणि गाडीवानाने हात केला नाही तर दिवसभर त्याच्याविषयी बोलत, म्हणजे कंडक्टरला त्याचा किती राग आला ते सांगत. आमच्या घरातून निघताना चपला घालून झाल्या तरी ते उंबऱ्यातच उभे राहायचे. कुत्रा येऊन दोनदा भुंकला की मगच निघायचे. हे त्याला कुणी शिकवलं असं मी एकदा विचारलं, तेव्हा मामा खाली बघून म्हणाले, "हाय एक जण," आणि निघून गेले.

ते एक जण म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. हे मला माझ्या यांच्याकडून कळलं. शाळेत असताना तिला डेपोच्या भिंतीपाशी हे पिल्लू सापडलं. ड्रायव्हरच्या घरात कंडक्टर नको का, म्हणून नाव तिनंच ठेवलं. मामी लवकर गेल्या आणि बापलेकीनं ते घर त्या कुत्र्यासकट चालवलं. पुढे ती इंदापूरला एका कचेरीत नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करते म्हणाली. मामांनी दुसरीकडे शब्द देऊन ठेवलेला. मुलगा कसा आहे हे विचारण्याच्या आधीच त्यांनी "मग या घरात पाय ठिवू नगं" म्हणून टाकलं, आणि तीही त्यांचीच लेक, तिनं ठेवला नाही. विहारात लग्न झालं, आमच्या घरचे सगळे गेले, मामा गेले नाहीत. त्या दिवशी म्हणे कंडक्टर जेवला नव्हता.

मामांचं खरं गणगोत म्हणजे गुरांचा दवाखाना. कुत्र्याला काही झालेलं नसलं तरी ते आठवड्याच्या बाजारादिवशी त्याला घेऊन तिथे जायचे आणि बाहेरच्या लिंबाखाली बाकावर बसायचे. मलाही एकदा घेऊन गेले. "कंडक्टरला एकट्याला करमत न्हाय" म्हणाले, पण न करमणारी मी होते हे त्यांनी ओळखलं असावं. तिथे काटेवाडीची म्हैस, वडगावची शेळी, कुणाचा पाय लचकलेला खोंड अशी सगळी मंडळी आपापल्या मालकांना घेऊन आलेली. मामा आधी जनावराचं विचारायचे, मग दुधाचं, मग वैरणीचं आणि बोलता बोलता समोरच्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचे. एक म्हातारी शेळीला पोटाशी धरून बसली होती. शेळी काही खात नव्हती.

"कवापासनं?" मामांनी विचारलं.

"सून माहेरी गेली तवापासनं. तिच्याच हातचं खायची. म्या घातलं तर तोंड बी लावत न्हाय."

"मग सून का गेली?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "म्याच बोल्ले काय बाय."

"अवं मग शेळीला औषध कशाला देता? सुनंला आना जावा. चुकलं म्हना. त्यात काय जातंय आपलं?"

म्हातारीला ते पटलं. डोळे पुसून तिनं सहज विचारलं, "तुमाला ल्येकरं किती, तात्या? कुठं असत्यात?"

मामा ताडकन उठले. "कंडक्टरला इंजेक्शन हाय," म्हणाले आणि धडधाकट कुत्र्याला ओढत थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

आमच्याकडे यांच्या बँकेच्या नोकरीमुळे फोन होता. एका रविवारी सकाळी तो वाजला. मी उचलला, तर पलीकडून आवाज आला, "वहिनी, मी इंदापूरहून बोलते. कंडक्टर कसा आहे?" मामा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. मी फोनवर हात ठेवून सांगितलं. पेपर तसूभरही हलला नाही. मागून फक्त आवाज आला, "बरा हाय म्हनावं." मी सांगितलं. ती म्हणाली, "जेवतो का वेळेवर?" पेपरामागून उत्तर आलं, "दोन्ही टायमाला." मग तिनं विचारलं, गुडघे कसे आहेत. आता त्या कुत्र्याचे गुडघे कुठे असतात हे मला आजही ठाऊक नाही, पण मामांनी पेपर खाली ठेवला, उठले, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि ओरडून म्हणाले, "जिना चढाया तरास हुतो त्याला! बाकी काय न्हाय!" मामांचं घर माडीवर होतं.

त्यानंतर दर रविवारी फोन येऊ लागला. तिनं एक मांजर पाळलं होतं, कचेरीतल्या साहेबिणीसारखी खुर्ची बळकावून बसते म्हणून तिचं नाव मॅडम. मग काय, इकडून कंडक्टर आणि तिकडून मॅडम. कंडक्टरला डोळ्याचा नंबर लागला. मॅडमची बदली होणार होती ती टळली. कंडक्टरला घर खायला उठतं. मॅडमचा नवरा स्वभावानं बरा आहे, स्वयंपाकात मदत करतो. एवढं सगळं बोलणं होई, पण त्यात "तू" आणि "मी" हे शब्द एकदाही यायचे नाहीत. मी भाजी निवडत ऐकत बसायची आणि माझ्या अकोल्याच्या वडिलांना एखादं मांजर घेऊन द्यावं की काय असा विचार करायची. ते पत्रातसुद्धा "इकडील सर्व ठीक" याच्या पुढे जात नसत.

एका उन्हाळ्यात कंडक्टर गेला. म्हाताराच झाला होता. दुपारी झोपला तो उठला नाही. यांनी आणि मामांनी त्याला कालव्याच्या कडेला पुरलं. मामा एक शब्द बोलले नाहीत. बोलणार तरी कुणाच्या नावानं? त्या आठवड्यात ते चहाला आले नाहीत. दवाखान्याच्या बाकावरही बसले नाहीत. रविवारी मात्र वेळेवर येऊन फोनशेजारी बसले. फोन वाजला. त्यांनी उचलला. पलीकडचा प्रश्न मला ऐकू आला नाही, पण तो कोणता असणार हे ठरलेलं होतं.

"बरा हाय," ते म्हणाले. "ऊन लई हाय ना. सावलीला पडून असतो."

फोनवरचा कंडक्टर त्यानंतर जो सुटला तो कुणाला आवरेना. खरा कंडक्टर शेवटची दोन-तीन वर्षं दवाखान्याच्या लिंबापलीकडे गेला नव्हता, पण हा कालवा पोहून जाऊ लागला, पोस्टमनचं धोतर फाडू लागला, कुणाच्या तरी लग्नात पंगतीत शिरून जिलेबी पळवू लागला. मामा सांगता सांगता रंगायचे, पलीकडे ती हसायची आणि फोन ठेवला की मामा रिकाम्या उंबऱ्याकडे बघत उभे राहायचे. निघायचं कसं हेच त्यांना कळायचं नाही. शेवटी मी म्हणायची, "जा मामा, सावकाश जा." मग जायचे.

पावसाळा सरता सरता एका रविवारी मामांनी कंडक्टरची गोष्ट मधेच सोडली. मग त्यांनी विचारलं, "खाती का काय?" पलीकडचं ऐकून म्हणाले, "चिच्चा? मांजार?" आणि मग हळूच, "कितवा?" उत्तर आल्यावर त्यांनी रिसीव्हर इतका सांभाळून ठेवला, जणू तो काचेचा होता.

"मॅडमला दिवस गेलेत," ते मला म्हणाले. "सहावा लागलाय म्हनती."

"अगबाई! किती पिल्लं होतील?"

मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "सूनबाई, मांजार दोन म्हैन्यात वितं." त्यांचे डोळे भरून आले होते. "इंदापूरची गाडी किती वाजता हाय?"

मला बरोबर चल म्हणाले. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि अख्ख्या वाटेत पायानं नसलेला ब्रेक दाबत राहिले. शेळगावच्या पुढे एकदा जोरात दाबला आणि म्हणाले, "माघारी फिरू या का?" मी नाही म्हटलं. मांडीवर पिशवी होती. तिच्यात चिंचा होत्या आणि मांजरासाठी कागदात गुंडाळलेली सुकट. अख्ख्या गाडीला सुकटीचा वास येत होता.

दार तिनंच उघडलं. सहावा महिना स्पष्ट दिसत होता. बापानं लेकीकडे बघितलं, लेकीनं बापाकडे. मग मामा म्हणाले, "मॅडम कुठंय?"

मॅडम सुकटीच्या वासालाही न भुलता कॉटखाली जाऊन बसली होती. मामा जमिनीवर बसले आणि कॉटखाली बघून बोलू लागले. "आता जड उचलू नगं बरं का. येळंवर खात जा. मानूस रागाच्या भरात बोलून जातं, ते मनात धरायचं न्हाय." लेक दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "आबा, कंडक्टरला कुणाकडं ठेवून आलात?"

फोनवर पोस्टमनचं धोतर फाडणं सोपं होतं. मामा कॉटकडेच बघत म्हणाले, "न्हाय राह्यला त्यो."

"मला ठावं हाय."

"आं?"

"उन्हाळ्यातच. दादानं बँकेतनं फोन केला होता."

दादा म्हणजे आमचे हे. मलासुद्धा बोलले नव्हते.

"मग दर ऐतवारी इचारत का व्हतीस गं?"

"तुमी सांगत होता म्हणून," ती म्हणाली. "नसतं विचारलं तर तुमी फोनवर आला असता का?"

मामा उठायला गेले, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. ती पुढे झाली. आधाराला म्हणून तिनं हात दिला आणि मामांनी तो धरला तो सोडला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण चहा ठेवला.

संध्याकाळच्या गाडीनं मी एकटीच परतले. मामा बाळंतपणापुरते म्हणून राहिले आणि तिथलेच झाले. त्यांचं माडीवरचं घर दुसऱ्या कुणीतरी भाड्यानं घेतलं. मी परतले त्याच्या पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी सवयीनं समोरच्या खुर्चीकडे बघितलं. ती रिकामी होती. फोनवर मामाच होते. मी विचारलं, ताई कशी आहे? बरी हाय म्हणाले. मॅडम? "हाय कॉटखाली." मग दोघांनाही पुढे काही सुचेना. माझ्याकडे ना कुत्रा, ना मांजर. मी "ठेवते" म्हणणार इतक्यात ते म्हणाले, "पोरी, तुला करमतं का गं तितं?"

लग्न झाल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. मग नाही म्हणाले. मग मला बोलता येईना. मामा पलीकडे नुसते थांबून राहिले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बारामतीत मला पुढे चांगलंच करमू लागलं, पोरंबाळं झाली, मी बारामतीचीच होऊन गेले. तरी कधी रविवारी सकाळी घरात कुणी नसलं की वाटतं, तसं कुणीतरी एकदा विचारावं आणि आपण खरं काय ते सांगेपर्यंत पलीकडे थांबून राहावं.