माकडटोपीतलं स्थळ

माझ्या नवऱ्याचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं ते वरून खाली, हप्त्याहप्त्यानं. आधी माकडटोपीचा गोंडा आला. मग टोपी. मग डाव्या भुवईतली चीर. मग सगळं अडकलं.

तेव्हा मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि आत्याकडे राहत होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट असलं भारी, की मेलमधला फोटो उघडायला लावायचा आणि खुशाल चहाला जायचं. मी चहा पिऊन आले तर खालचं सगळं आलेलं. जांभळा स्वेटर, मफलर, हातमोजे, आणि हा बाबा ऑक्टोबरच्या उन्हात दात काढून उसात उभा. ऊस पांढराफेक. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: 'काश्मीरला कशाला जाताय? आमच्यात या. बर्फ बारमाही. स्वेटर आपापला आणावा.'

बर्फ कुठला, लोकरी मावा होता तो. त्या साली कुठून तरी ही कीड आली आणि कापूस पिंजून चिकटवावा तशी उसाच्या पानाखाली बसली. पानं काळी पडायची, ऊस वाळायचा. जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. म्हातारी माणसं सुद्धा म्हणायची, असलं कधी बघितलं न्हाय बाबा. आणि ज्यांची पोरं पुण्यात कंपनीत लागली होती, ती पोरं मेलवर मेल सोडत होती. औंदा कारखाना सभासदांना साखरेऐवजी स्वेटर देणार. मेंढरांचा कलेक्टर कचेरीवर मोर्चा, आमच्या पोटावर पाय आणला म्हणून. मी सगळे वाचायचे आणि हसायचे, पण मनात बसला तो जांभळा स्वेटरवाला. उभं पीक डोळ्यांदेखत जात असताना असं दात काढायला काळीज लागतं, असं मला वाटायचं. क्लासच्या प्रिंटरवर तो फोटो काढून मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. आत्या म्हणाली, "ह्ये कुठलं ध्यान?"

दिवाळीला आजऱ्याला घरी गेले, तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका स्थळाचा फोटो पुढ्यात टाकला. मुलगा भोगावतीकाठचा, बी.कॉम. झालेला, घरचा ऊस बघतो. स्टुडिओत काढलेला फोटो, तोंड गच्च मिटलेलं, जणू दाढ काढायला बसलाय. पण डाव्या भुवईत चीर. हा तर माझा जांभळा स्वेटरवाला! "बघा की," एवढंच म्हटलं. आमच्या घरात 'बघा की' म्हणजे निम्मा होकार.

रीतीप्रमाणे आबा आणि काका जाऊन त्यांचं घर-शेत बघून आले. आबा एकदम खूश. "ऊस कसला हाय म्हाईत हाय? हिरवाकंच! एक पान पांढरं न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "आबा, त्यांच्या उसाला मावा लागलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"इंटरनेटवर बघितलंय."

"कुणाच्या उसाला काय लागलंय त्येबी आता इंटरनेटवर कळतंय व्हय? मग आपली म्हस चार दिस वैरण खाईना झालीया, तिचं काय दुखतंय तेवढं बघ की."

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. पण माझा जीव थाऱ्यावर राहिना. मला मावा लागलेला नवरा चालला असता. खोटा हिरवागार नको होता. सगळ्या जगाला दात दाखवतो आणि आमच्या आबांना दुसऱ्याचा ऊस दाखवतो, मग यातला खरा कुठला? मी ठरवलंच, येऊ दे बघायला, पोह्यांच्या ताटातच फोटो ठेवते. कोल्हापूरला जाऊन ट्रंकेच्या झाकणाचा कागद सोडवून आणला.

ठरल्या दिवशी मुलगा आणि त्याचे वडील आले. मी साडी नेसून, कागद पदराखाली धरून, दाराआड उभी. पाणी झालं, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि एकदम मुलाचा आवाज आला. "मामा, एक सांगायचं हुतं. तुम्हाला दाखवला त्यो ऊस आमचा न्हवं, शेजारच्यांचा हाय. आमचा ह्यो असा हाय." आणि पठ्ठ्यानं बॅगेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत उसाचं पान. पांढरंफेक.

त्याच्या वडिलांनी कपाळावर हात मारला. "घातलंस मुसळ केरात!"

पण खरा भडका उडाला तो काकांचा. काकांचा ऊस आमच्या परड्याला लागूनच होता, हिरवागार. ते ताडकन उठले. "आरं, हिकडं अजून एक किडा आला नव्हता, आन् तू पिशवीत घालून आणलास?"

"न्हाय, खरं काय ते दाखवावं म्हटलं—"

"खरं तोंडानं सांगत्यात बाबा! पिशवीतनं न्हवं!"

काकांनी ती पिशवी चिमट्यात धरून न्हाणीतल्या बंबात कोंबली. तेवढ्यावर भागलं असतं, पण मुलाच्या बाहीवर दोन पांढरे ठिपके निघाले. काका इरेला पेटले. "काढ कपडे." आणि बघायला आलेला मुलगा आमच्या न्हाणीत गेला, आपल्याच पानावर तापलेल्या पाण्यानं अंघोळीला. त्याचे कपडे परड्यात हंड्यात उकळायला पडले. मुलगा बाहेर आला तो आबांचं धोतर आणि आबांचा सणाचा सदरा घालून. आबा अंगानं दुप्पट. सदऱ्याच्या बाह्यांतून त्याची बोटंसुद्धा दिसत नव्हती. हसू दाबून दाबून आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी पोहे घेऊन बाहेर आले. माझा राग केव्हाच पळाला होता. खाली बघायची रीत असते, मी सरळ त्याच्याकडं बघितलं आणि कागद आबांच्या पुढ्यात ठेवला. आबांनी चष्मा लावला. एकदा फोटोकडं, एकदा सदऱ्याकडं, परत फोटोकडं. "ह्ये तू?"

तो कानापर्यंत लाल झाला. "दोस्तानं काढला हुता. आजऱ्यापतूर आला व्हय?" आणि हसला. तेच दात. मला इतकं बरं वाटलं, की ताट हातात तसंच राहिलं.

आबा मात्र हसले नाहीत. "ऊस वाळतोय आणि तुला हसू येतंय?"

"रडून बघितलं की मामा," तो म्हणाला. "किडा हलंना."

त्याच्या वडिलांनी मान खाली घातली. काकांनी माझ्या हातातल्या ताटातली पोह्यांची बशी उचलून त्याच्यापुढं सरकवली. "खा. गार व्हत्यात."

पावणे गेले तेव्हा हंडा अजून उकळतच होता. आबांनी मला विचारलं, "बोल, काय म्हणणं तुझं?"

"मला पसंत आहे."

"आणि तुमचं?" आईनं आबांना विचारलं.

आबांनी रिकाम्या खुंटीकडं बोट केलं. "माझं कशाला इचारतीस? सणाचा सदरा घालून गेलंय बेणं. आता पोरगी दिल्याबिगर न्हाय परत यायचा त्यो."