बाबा छपरावरून पडले ते वर्ष

माझे बाबा उपदेशक होते. गोव्याहून एका पाद्रींबरोबर ते पुण्यात आले, तेव्हा मी आईच्या कडेवर होते. पेशव्यांच्या तोफखान्यात बरेच किरिस्ताव गोलंदाज होते. त्यांच्या मुलांना प्रार्थना शिकवायच्या, आजाऱ्यांच्या घरी जाऊन बसायचं, कुणी विचारलं तर आपला धर्म समजावून सांगायचा, हे बाबांचं काम. नागझरीच्या ओढ्यापलीकडे, श्रीमंत पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, मातीच्या भिंतींचं आणि गवती छपराचं प्रार्थनाघर होतं. त्याला लागून आमच्या दोन खोल्या. घरात आम्ही कोकणी बोलायचो, दाराबाहेर मराठी. पुढे पुढे आईला रागावतानाही मराठीच सुचायला लागलं.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेन. वळवाच्या वाऱ्यानं छपराचं गवत उडालं. पाद्री गोव्याला गेले होते आणि पावसाळा संपल्याशिवाय घाट चढून येणार नव्हते. बाबा म्हणाले, "माणसं कशाला बोलवायची? दोन पेंढ्या तर लावायच्या." ते वर चढले. मी खालून पेंढ्या देत होते. वाकून पेंढी घेताना त्यांच्या पायाखालचा वासा मोडला आणि ते खाली पायरीच्या दगडावर पाठीवर आदळले.

ओरडले नाहीत. मी धावत गेले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "घाबरू नकोस. माझ्या पायांवर काय पडलंय ते आधी काढ."

पायांवर काहीच नव्हतं.

शेजारच्या गोलंदाजांनी त्यांना बाजेवर घालून आत आणलं. आईनं विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि पोटऱ्या शेकायला बसली. "बरं वाटतंय का?" ती सारखं विचारत होती. "वाटेल हळूहळू," बाबा म्हणत होते. थोड्या वेळानं तिनं एक वीट उचलली आणि तशीच हातात धरून बसली. विटेवरचं फडकं सरकलं होतं. पोटरीवर तळहाताएवढा फोड आला होता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. त्यांना कळलंच नव्हतं.

आई उठून परसात गेली. फोडाला तूप मी लावलं.

तोफखान्यात एक ब्राह्मण कारकून होता. बाबांशी धर्मावर वाद घालायला तो अधूनमधून यायचा. आमच्याकडचं पाणी घेत नसे, पण ओसरीवर बसून संध्याकाळपर्यंत भांडायचा. त्यानंच धायरीच्या हाडवैद्याला निरोप धाडला. हाडवैद्य बैलगाडीनं आला. बाबांना पालथं करून त्यानं अंगठा मणक्यांवरून सावकाश खाली आणला आणि कमरेच्या जरा वर थांबला.

"हितं हाय," तो म्हणाला.

"मग बसवा की," आई म्हणाली.

"हात-पाय आसता तर बसवला आसता, माउली. हितं जोर केला तर हाय तो जीवबी जायचा."

"मग आम्ही करायचं काय?"

"कुशी बदलत ऱ्हा. पाठ कोरडी ठेवा." आणखी काहीतरी सांगायचं असल्यासारखा तो दारात थांबला. मग गाडी वळवून निघून गेला.

मग पावसाळा लागला. आई खांद्यांकडून आणि मी पायांकडून, अशा आम्ही त्यांच्या कुशी बदलायचो. त्या दमट हवेत काहीच वाळत नव्हतं. पाठ कोरडी ठेवायची, पण कोरडं फडकं आणायचं कुठून? चुलीवर धरून धरून फडकी वाळवायचो, त्यांना धुराचा वास यायचा.

गोलंदाजांच्या बायका भेटायला यायच्या. एक म्हणाली, "धीर धरा बाई. देव आपल्याच माणसांची परीक्षा बघतो." ती गेल्यावर आईनं दार लावून घेतलं. "हिला काय जातंय बोलायला," ती म्हणाली.

"अगं, ते वाक्य माझं आहे," बाबा आतून म्हणाले. "तिचं मूल गेलं तेव्हा मीच तिच्या घरी जाऊन तिला ते ऐकवलं होतं." जरा थांबून म्हणाले, "तिनं मला घराबाहेर कसं काढलं नाही?"

आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यानंतर आल्यागेल्याला बाबांनी देवाबद्दल स्वतःहून काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

कारकून आला तो दारातूनच म्हणाला, "काय हो, उभ्यानं उपदेश करायचा कंटाळा आला वाटतं?" बाबा हसले. हसताना दुखलं असावं, पण हसले. मग कारकुनानं विचारलं, "आमच्यात ह्याला प्रारब्ध म्हणतात. तुमच्यात काय म्हणतात?"

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले.

कारकून गडबडला. इतक्या वर्षांत बाबांनी त्याला असं उत्तर कधी दिलं नव्हतं. तो बराच वेळ उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला. "वाद घालणार नसाल तर आम्ही यायचं कशाला," असं म्हणून उठला. पण येत राहिला. ओसरीवर बसायचा, पाऊस बघायचा आणि निघून जायचा.

भाद्रपदात पाठीला जखमा झाल्या. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, हळद, जे कुणी सांगेल ते आम्ही केलं. एक जखम भरत आली की दुसरी उघडायची. ताप येऊ लागला. पाय तर काटक्यांसारखे झाले.

दसऱ्यानंतर पाद्री परतले. त्यांनी बाबांचं पापनिवेदन ऐकलं. बाहेर आले तेव्हा त्यांचेच डोळे लाल होते. आईला म्हणाले, "ह्यांना गोव्याला नेऊ. तिथं इस्पितळ आहे."

बाबांनी ते ऐकलं. "गाडीतून घाट उतरायचा? पहिल्या खड्ड्यातच मी संपेन. मला इथंच असू द्या." पाद्रींनी पुन्हा तो विषय काढला नाही. आईनंही काढला नाही. दुसरं काही सुचवायला आमच्याकडे नव्हतंच.

नाताळ जवळ आला होता. सकाळी नेहमीसारखं आईनं त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पाल्याचं पाणी लावलं, फडकं बदललं. "आज अंग फार जड लागतंय," ती म्हणाली. मी पुढे होऊन त्यांचं तोंड पाहिलं. श्वास थांबला होता. आई उशी सारखी करत होती.

आम्ही गोव्याला परत गेलो नाही. माझं लग्न इथल्याच एका गोलंदाजाशी झालं. आई पुढे पुष्कळ वर्षं माझ्याजवळ राहिली. रोज प्रार्थनेला सगळ्यांबरोबर गुडघे टेकायची, पण तिचा आवाज मला ऐकू येत नसे. मनात म्हणत होती की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.