अर्थातच

कलिंगडवाल्याने सुरी खुपसून एक त्रिकोणी फोड काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. लालभडक. "बघा ताई, साखर आहे साखर!" मी पिशवी उघडणार, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या काकू त्याला म्हणाल्या, "तुझ्या मनाला येईल तिथे नको. मी बोट ठेवते तिथे काप." तो हसला, पण सुरी काही पुढे झाली नाही.

तेव्हापासून मला माझ्याच लेखाचा संशय येतोय. आमच्या गल्लीतलं वाचनालय बंद करू नये, असं वर्तमानपत्रातून पटवून द्यायला मी तो लिहिला होता; अजून पाठवायचा होता. घरी येऊन पुन्हा वाचला. "इथे अर्थातच रोज गर्दी असते." हा 'अर्थातच' मोठा लबाड शब्द. जिथे मला काहीच माहीत नव्हतं, नेमका तिथे येऊन बसला होता. आणि पुरावा म्हणून मी रंगवलेला तो गच्च भरलेला हॉल? तो परीक्षेच्या दिवसांतला. लाल फोड मीच निवडून कापली होती.

मत मात्र अगदी मनापासूनचं. त्याचीच जास्त भीती वाटते.

आज दुपारी वाचनालयात जाऊन आले. 'अर्थातच' खोडून लिहिलं, "पाच माणसं वाचत होती." खरं तर चारच वाचत होती. पाचवे आजोबा तोंडावर पेपर घेऊन झोपले होते. एवढं गाळलं तर कुणाला कळणार होतं?

पण काकूंचं बोट नेमकं तिथेच टेकलेलं होतं.