सुतकातल्या मुंडावळ्या

ती बातमी आली तेव्हा आमच्या दुकानात धूलकोटचं एक कुटुंब बसलं होतं. नवरीची आई, मावशी आणि प्रत्येक वस्तूला नाव ठेवण्यासाठीच सोबत आणलेली असावी अशी एक आत्या. लग्नाचं सामान विकायचं म्हणजे आत्यांना तोंड द्यायचं, हे मला आता पाठ झालंय. अंतरपाटावरचं स्वस्तिक वाकडं आहे असं त्या बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि समोरच्या मोबाईलवाल्याच्या टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला. लांबच्या एका शहरात, भर गर्दीच्या स्टेशनावर स्फोट झाले होते. सुट्टी संपवून निघालेले जवान, त्यांना पोचवायला आलेल्या बायका, लहान मुलं. पडद्याच्या तळाशी मेलेल्यांचा आकडा सारखा बदलत होता. आत्याबाईंनी अंतरपाट खाली ठेवला. "आज नको वो बाई काही घ्यायला," नवरीची आई म्हणाली आणि तिघी उठून गेल्या. मला त्यांचा राग आला नाही.

आमच्या बुऱ्हाणपूरच्या बाजारात शोक पाळायची एक सोयीची रीत आहे. शटर अर्धं खाली ओढायचं. बाहेरून दुकान बंद, वाकून आत शिरलं की चालू. संध्याकाळपर्यंत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर दुकानांची नावं श्रद्धांजलीच्या ओळीपेक्षा मोठ्या अक्षरांत होती. शेजारचा बांगडीवाला अर्ध्या शटराखालून गिऱ्हाईक घेत होता, मावा जिलेबीवाल्याची कढई मागच्या अंगाला तापलेलीच होती. दोष कुणाला द्यायचा? ऐन लग्नसराईत पोट काही सुतक पाळत नाही.

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे अर्धं शटर कधीच मान्य नव्हतं. ते मूळचे जळगावकडचे, सगळी नोकरी कागदाच्या गिरणीत काढलेली. दुकान पुढे रिटायर झाल्यावर टाकलं. गिरणीच्या वसाहतीत कुणी कामावर अपघातात गेलं की आजूबाजूची मराठी घरं तीन दिवस गोडधोड करत नसत आणि मंगलाच्या वस्तूला हात लावत नसत. गेलेला माणूस ओळखीचा असो की नसो. ती रीत आप्पा इथे घेऊन आले. त्या रात्री जेवणाच्या ताटावरून उठताना ते म्हणाले, "देशाला सुतक पडलंय. तीन दिवस आपल्या घरातून मंगलाचा एक मणी बाहेर जायचा नाही. दुकानातून नाही अन् हिच्या मोबाईलवरूनही नाही."

हिच्या म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या.

माझा दीर तापाचं निमित्त होऊन गेला, तेव्हा ती अगदी तरणी होती. तिच्या हातात कला आहे. मोत्याच्या मुंडावळ्या ती अशा ओवते की दोन्हीकडचे घोस सारखे लोंबतात, कपाळावर दोरा रुतत नाही. दीर होता तेव्हा ती दुकानात माझ्याशेजारी बसायची आणि गिऱ्हाईक तिच्याचकडे जायचं, कारण मी फटकळ आणि ती गोड. तो गेल्यावर पुन्हा बसायला लागली, तर बायका दारातून आत बघायच्या आणि "नंतर येतो" म्हणून पुढच्या दुकानात जायच्या. स्पष्ट कुणी बोललं नाही. या गावात असलं काही स्पष्ट बोलावं लागत नाही. विधवेच्या हातची मुंडावळी आपल्या लेकीच्या कपाळाला कोण बांधणार? आठवड्याभरातच ती स्वतःहून आतल्या खोलीत जाऊन बसली. तिथून ओवून देई, आणि मी बाहेर विकत असे.

मग तिनं एका मोठ्या ॲपवर आपलं दुकान उघडलं. फोटो काढायला, भाव टाकायला, पाकिटं करायला तिची तीच शिकली. पुण्याहून, बडोद्याहून, कुठल्या कुठल्या गावांहून मागणी यायला लागली. तिथे तिचं कपाळ कुणाला दिसत नव्हतं. नवऱ्यामुलींच्या आया लिहायच्या, ताई, किती सुंदर काम आहे, तुमच्या हाताला यश आहे. त्या ओळी ती मला वाचून दाखवायची, आणि वाचताना तिचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. मला विचाराल तर तिचा संसार तोच होता.

म्हणून आप्पा बोलले तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आप्पा, पाकिटं तयार आहेत. मुहूर्त आहेत लोकांचे. आपल्याकडून ऑर्डर कॅन्सल मारली तर अकाउंट बसून जाईल."

"तीन दिवसांनी उघड ना बेटा. दुकान कुठे पळून चाललंय?"

"तिकडे असं नसतं, आप्पा."

"शोक सगळीकडे सारखाच असतो," ते म्हणाले. टीव्हीवर दिवसभर ज्या बायका दाखवत होते, त्यातली एक हातात लग्नाचा चुडा तसाच घेऊन जमिनीवर बसली होती. आप्पा तिला बघून रडले होते, मी पाहिलं होतं. त्यांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शटर उचललं की दुकान काल होतं तिथेच असतं, एवढंच त्यांना आयुष्यभर ठाऊक. पण ॲपला अर्धं शटर नसतं.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "मागच्या दारानं दे पाकिटं. कुरिअरवाल्याला मी सांगते."

"नको ताई. सुतक मोडून पाठवलं अन् तिकडे कुठल्या पोरीचं काही वाईट झालं, तर? माझ्या हातचं आहे म्हणून मला आधीच भीती वाटते." मग तिनं सगळ्या मागण्या एकेक करून रद्द केल्या. रद्द करण्याचं कारण निवडा असं ॲप विचारत होतं. माल संपला, पत्ता चुकला, भाव चुकला, एवढीच कारणं होती. देशाला सुतक पडलंय असं कारण तिथे नव्हतं. तिनं माल संपला असं निवडलं. माल तिच्या मांडीपाशी टोपलीत होता.

त्या तीन दिवसांत तेच ॲप झेंडे, मेणबत्त्या आणि काळ्या फिती विकत होतं. आमच्या गल्लीतल्या एका खेळणीवाल्यानं पिचकाऱ्या आत टाकून तिरंगे बाहेर मांडले. श्रद्धांजलीचा मोर्चा निघाला त्या दिवशी अख्ख्या बाजारात मेणबत्ती मिळेना. दुःखाचाही सीझन असतो, हे त्यानं ओळखलं होतं. आमचंच शटर तेवढं पूर्ण खाली होतं, आणि येणारेजाणारे आप्पांना म्हणत होते, "वा दादा, असली देशभक्ती पाहिजे." आप्पा हात जोडत होते. मला ते हात धरून खाली ओढावेसे वाटत होते.

सुतक फिटलं. आप्पांनी देवापुढे दिवा लावला, शटर उचललं, आणि दुकान खरोखरच होतं तिथे होतं. जावेनं मोबाईल उघडला. ऐन वेळी एवढ्या मागण्या रद्द केल्या म्हणून तिचं खातं बंद झालं होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं. फसवणूक. लग्न परवावर आणि आज नाही म्हणतात. एका आईनं एवढंच विचारलं होतं, की आता मी माझ्या मुलीच्या कपाळाला काय बांधू. ती ओळ जावेनं मला वाचून दाखवली नाही. मोबाईल माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आम्ही प्रयत्न केले. आमच्या ह्यांनी तक्रारीच्या जागी सगळं लिहिलं, सुतकाचंही लिहिलं. उत्तर क्षणात आलं, तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं. बोलायला माणूसच नव्हता. माणूस असता तर मी दोन शब्द सुनावले असते, निदान माझा जीव हलका झाला असता. नवं खातं काढायला गेलो तर तिच्याच आधारकार्डावर अडलं. माझ्या नावानं काढू म्हटलं, तर ती म्हणाली, "मग परत तुमच्याच नावानं विकायचं ना, ताई?"

आप्पांना हळूहळू उमगलं. एक दिवस तिला म्हणाले, "बेटा, दुकानात येऊन बसत जा. आता काळ बदललाय. कोण काय बोलतं ते मी पाहतो." ती नको म्हणत होती. आप्पांचं मन राखायला आली. मी तिला गल्ल्याशेजारी माझ्या जागेवर बसवलं आणि मागे मांडणीपाशी उभी राहिले. वेड्यासारखी आशा वाटत होती मला. गेले कित्येक दिवस सगळं गाव स्टेशनावरच्या त्या बायकांसाठी रडत होतं, स्टेटसला त्यांचे फोटो ठेवत होतं. आता तरी माणसं जरा बदलली असतील, असं मी मनाशी धरलं होतं.

जैनाबादहून एक बाई आल्या. शाळेत शिकवणाऱ्या, बोलायला मऊ. मेणबत्तीच्या मोर्चात मी त्यांना पुढच्या रांगेत पाहिलं होतं. बसल्या बसल्या त्याच विषयावर बोलू लागल्या. "त्या नव्या नवऱ्या हो, हातावरची मेंदीसुद्धा गेली नव्हती. मला तर अन्न गोड लागत नाही." जावेनं त्यांच्यापुढे आपणच ओवलेल्या मुंडावळ्या मांडल्या. बाईंनी सगळ्यात सुंदर होती ती हेरली. जाऊ ती उचलून त्यांच्या हातात द्यायला गेली, आणि त्यांनी हात पदराआड घेतला. तिच्याकडे त्या बघत नव्हत्या. मांडणीपाशी मला शोधत म्हणाल्या, "तुम्ही द्या ना हो, तुमच्या हातानं. पोरीचं पहिलंच कार्य आहे आमच्याकडे. तुम्ही समजू शकता."

माझ्या तोंडात शिवी आली होती. मी गल्ल्यावर बसलेल्या आप्पांकडे पाहिलं, ते आपल्या पायांकडे बघत होते. एवढ्यात जाऊच उठली. तिनं मुंडावळी माझ्या हातात दिली, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "द्या ताई, त्यांचा मुहूर्त जवळ आहे." ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी मुंडावळी कागदात बांधली, वर रिवाजाप्रमाणे हळदकुंकवाची पुडी ठेवली, आणि बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली.