साडूच्या खालची ओळ

मिस्त्रींचा दिवस चहाने नाही, साडूने सुरू व्हायचा. कपाला तोंड लावण्याआधी ते फोनवर ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असं शोधायचे. पहिली ओळ साडूची, दुसरी आपली, हे रोज डोळ्यांनी बघून घ्यायचे, जसा दुखरा दात जिभेने चाचपावा तसं. मग साडूच्या ओळीवर बोट ठेवून त्याची वेबसाइट उघडायची आणि त्याने कालच्यापेक्षा काय नवं टाकलंय ते तपासायचं.

“सापडला का?” बायको आतून विचारायची.

“कोण?”

“तुमचा हरवलेला साडू. रोज शोधता म्हणून विचारलं.”

दोघेही जावई सासऱ्यांच्या दुकानात तयार झालेले. मिस्त्री थोरलीचे, साडू धाकटीचा. सुई खालून वर उठताना दोरा पकडणारं शटल नेमकं कधी फिरलं पाहिजे, हे मिस्त्रींनीच त्याचा हात धरून त्याला शिकवलेलं. सासरे गेल्यावर एका दुकानाची दोन झाली. भांडण झालं नाही, आणि तेच मिस्त्रींच्या मुळावर आलं. भांडण झालं असतं तर राग ठेवायला निदान जागा झाली असती.

कारखान्यातलं ओव्हरलॉक मशीन, म्हणजे कापडाची कड कापत कापत शिवणारं चार-पाच दोऱ्यांचं धूड, मिस्त्री नुसत्या आवाजावरून ओळखत की दुखणं कुठे आहे. साडूचा हात बेताचाच. पण त्याच्या दुकानात मशिनी पुसून रांगेत उभ्या, वेबसाइटवर हसरा फोटो, खाली गिऱ्हाइकांची तारीफ. मिस्त्रींच्या फोटोत ते पोलीस चौकीवर बसवून ठेवलेल्या माणसासारखे दिसत. हाताला किंमत नाही, दातांना आहे, असं त्यांचं मत झालं होतं.

एका मंगळवारी त्यांनी साडूच्या ओळीवर बोट ठेवलं आणि गॉगलचं दुकान उघडलं. सत्तर टक्के सूट! मागे येऊन पुन्हा दाबलं. पुन्हा गॉगल. मग वेबसाइटचा पत्ता एकेक अक्षर टाकून पाहिला, तर साडू नेहमीसारखा हसतोय.

मिस्त्रींची वेबसाइट बायकोच सांभाळायची. तिने फोन हातात घेतला आणि दोन मिनिटांत निदान केलं. “हॅक झालीय. सर्चमधून जो येईल त्याला परस्पर गॉगलवाल्याकडे रिडायरेक्ट करतात. पत्ता टाकून सरळ येणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून मालक बेसावध राहतो. थांबा, धाकटीला फोन करते.”

“अगं, घाई काय? होईल आपोआप ठीक.”

“मशीन आपोआप ठीक होतं, असं गिऱ्हाइकाला सांगता का कधी?” तिने फोन परत दिला. “तुम्हाला दिसलंय, तुम्हीच सांगा. मी मधे पडणार नाही.”

मिस्त्रींनी साडूला फोन केला नाही. आठवड्याभरात साडूच्या नावाखाली ‘ही साइट हॅक झालेली असू शकते’ अशी ओळ आली. मग साडू घसरत दुसऱ्या पानावर गेला आणि मिस्त्री पहिले आले! त्या दिवशी चहाचा कप तसाच राहिला. शेजारच्या दोरेवाल्याला त्यांनी फोनचा पडदा दोनदा दाखवला. दुसऱ्यांदा दाखवताना “वेळ काय झाली बघ” असं निमित्त काढलं.

पण फोन काही खणखणेना. घरगुती मशिनींचे दोन फोन वाढले, त्यातल्या एकीत सुईच उलटी बसवलेली. ओव्हरलॉकचा मात्र एकही फोन नाही. आणि कारखान्यांच्या ओव्हरलॉकवरच तर दुकान चालायचं. नंबर बरोबर आहे का पाहिलं. बायकोने आतल्या खोलीतून फोन लावला.

“मशीन बिघडलंय.”

“कुठलं?”

“घरातलंच. अलीकडे सारखं स्वतःशी हसतंय.”

नंबरात दोष नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एका कारखान्याचा सुपरवायझर स्वतःच दुकानात उगवला, घामाघूम.

“मिस्त्री, धंदा बदललात की काय? तुमचं पान उघडलं की गॉगल दिसतात!”

“माझं पान?”

त्याने शोधून दाखवलं, ‘ओव्हरलॉक मशीन दुरुस्ती’. खाली खाली जाऊन एक ओळ काढली. “ही. दर वेळी हीच दाबतो. तुमचा फोटो यायचा, खाली नंबर.”

ओळीवरचा पत्ता साडूच्या वेबसाइटचा होता. बायकोने तोच पत्ता सरळ टाकला आणि मिस्त्रींचा चौकीवरचा चेहरा पडद्यावर उघडला. साडूने आपलं ओव्हरलॉकचं पान कधीचंच मिस्त्रींकडे वळवून ठेवलं होतं.

“म्हणजे गॉगलवाला तुमचीच माणसं पळवत होता,” बायको म्हणाली. “आणि तुम्ही त्याच्यासाठी पहारा देत होता.”

आता सांगणं भाग होतं. पण सांगायचं तर ‘तुम्हाला कसं कळलं?’ याचं उत्तर द्यावं लागणार होतं, आणि त्यापेक्षा दुकानाला कुलूप लावणं मिस्त्रींना सोपं वाटत होतं. तरी दुपारी ते साडूच्या दुकानात गेले.

“या भाऊ! वाट चुकलात?” साडू हसला. फोटोतल्यासारखाच.

“तुझी वेबसाइट हॅक झालीय.”

“छे! आत्ताच पाहिली.”

“सर्चमधून बघ.”

साडूने पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. “तरीच फोन आटले. तुम्हाला कसं कळलं?”

मिस्त्रींनी टेबलावरची एक बॉबिन उचलली, फिरवली, ठेवली. “रोज सकाळी शोधतो तुला.”

“रोज? मग गॉगल कधीपासून दिसतायत?”

“तीन आठवडे झाले.”

“तीन आठवडे, भाऊ?”

“पहिला होतो रे मी,” मिस्त्री म्हणाले. मग एकदम उसळले, “आणि तू ओव्हरलॉकचं पान माझ्याकडे का वळवलंस? उपकार म्हणून?”

साडूचे कान लाल झाले. “कसले उपकार! तुम्ही ओव्हरलॉक शिकवलंत तेव्हा मी नुसती मान हलवली. काही कळलं नव्हतं. गिऱ्हाइकाला ‘येत नाही’ कसं म्हणायचं? म्हणून ते पान गुपचूप वळवलं. आणि मीही बघतो तुमचं पान. रोज. पण पत्ता टाकून. सर्चमधली ओळ दाबून आलो, तर त्या दाबण्याने उगाच तुम्ही वर चढाल.”

दोघेही मग पडद्याकडे बघत राहिले, कारण एकमेकांकडे बघणं अवघड होतं. मिस्त्रींच्या बायकोने फोनवरून एकेक पायरी सांगितली. चोराने ठेवलेल्या फायली काढल्या, सगळे पासवर्ड बदलले, वेबसाइट पुन्हा तपासावी असा अर्ज सर्चवाल्यांना पाठवला.

महिन्याभरात साडू परत पहिल्या ओळीवर आला. ओव्हरलॉकचे फोन सुरू झाले आणि प्रत्येक फोनला मिस्त्रींच्या पोटात नव्याने दुखायचं. पूर्वी साडू फक्त वर होता, आता वर राहून पोसतही होता.

सकाळी त्यांनी फोन उघडला. बोट साडूच्या ओळीवर नेलं, मागे घेतलं आणि पत्ता एकेक अक्षर टाकू लागले.

“सापडला का?” बायकोने विचारलं.

“शोधत नाही आता,” मिस्त्री म्हणाले. “सरळ घरी जातो त्याच्या.”